मक्याखालचा चेहरा : प्रसिद्धीच्या किमतीवरील एका रॉक गाण्याचे प्रकरण

अमळनेरच्या एका महाविद्यालयात सांस्कृतिक मंडळाचे काम पाहताना दर वर्षी स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थ्यांकडून एक तरी स्वरचित गाणे बसवून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. मागच्या खेपेला पाच जणांच्या एका गटाने रॉक गाणे करायचे ठरवले आणि विषय घेतला तो सिनेमातल्या झगमगाटाचा व त्यापायी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा. ऑगस्टमध्ये शब्द लिहायला सुरुवात झाली, जानेवारीत गाणे रंगमंचावर आले आणि मधल्या काळात ते मुळापासून बदलले. ते का बदलले, हे मांडून ठेवणे मला महत्त्वाचे वाटते, कारण प्रसिद्धीची किंमत म्हणजे नेमके काय, हे मला स्वतःलाही त्या पाच महिन्यांतच उमगले. गटातील सर्वांच्या आणि गायिकेच्या घरच्यांच्या संमतीने ही हकीकत लिहीत आहे. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

गटात गिटार वाजवणारे दोघे, कीबोर्डवर एक, ड्रमवर एक आणि गायला एक मुलगी असे होते. ड्रमवाला चोपड्याकडचा, मामाच्या लग्नातल्या बँडमध्ये लहानपणापासून ताशा आणि साइड ड्रम वाजवत आलेला, त्यामुळे त्याच्या हाताला लय पक्की होती, पण हळू वाजवणे म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. गायिका चोपडा तालुक्यातल्याच तापीकाठच्या एका गावची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे नाव गटात आले तेव्हा इतर चौघांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, त्यामागे तिच्या गळ्यापेक्षा तिचा चेहरा होता, हे मला तेव्हाच कळले होते. वर्षभरापूर्वी एका अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत ती झळकली होती, आणि ते गाणे त्या लग्नसराईत धुळ्यापासून रावेरपर्यंत जवळपास प्रत्येक वरातीत वाजले होते.

खान्देशाबाहेरच्या वाचकासाठी हे जरा उलगडून सांगायला हवे. आमच्याकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ हा आता एक जिता-जागता व्यवसाय झाला आहे. केळीची बाग, नदीचा काठ, एखादे फार्म हाऊस एवढ्या भांडवलावर एका दिवसात चित्रीकरण उरकते, गाणे यूट्यूबवर चढते आणि बँडवाल्यांनी, डीजेवाल्यांनी ते उचलले की गावोगाव पोचते. या गाण्यांनी अहिराणी बोलीला तरुण पोरांच्या तोंडी पुन्हा मानाने बसवले, हे त्यांचे ऋण मी मनापासून मानतो. आमच्या गायिकेने त्या व्हिडिओत फक्त ओठ हलवले होते. आवाज दुसऱ्या गायिकेचा होता. दोन पोशाख, एक दिवस, एकरकमी पाच हजार रुपये आणि एका स्टॅम्प पेपरवर सही, एवढाच तो व्यवहार होता.

त्यानंतर जे घडले ते तिने आम्हांला एकदम कधीच सांगितले नाही. तालमीच्या अध्येमध्ये तुकड्यातुकड्याने ते येत गेले. एस.टी.त चढली की दोन-चार मोबाइल तिच्याकडे वळत. गावात लोक तिला नावाने हाक मारीनासे झाले. गाण्याच्या धृपदातला एक शब्दच तिचे नाव होऊन बसला. तिचा धाकटा भाऊ शाळेतून दोनदा सदरा फाडून घेऊन आला, कारण कोणीतरी त्याच्यासमोर ते गाणे मुद्दाम म्हटले होते. एक स्थळ आले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, मुलाच्या काकांनी मोबाइलवर तोच व्हिडिओ लावून सगळ्यांना दाखवला, कौतुक केले, आणि उठताना तिच्या आईला विचारले, ‘‘हे सगळं बंद करील ना ती?’’ हे सांगताना ती रडली नाही. तिला चीड आली होती ती एकाच गोष्टीची : कौतुक आणि अट एकाच श्वासात आली याची.

इतके सारे जवळ असूनही गटाने लिहिलेला पहिला मसुदा मात्र मुंबईतल्या एका नायिकेवर होता. समुद्राकाठचा बंगला, रिकामा दिवाणखाना, आरसा, झोपेच्या गोळ्या, बाहेर चाहत्यांची गर्दी आणि आत एकटेपणा. चाल ए मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या पाश्चात्त्य स्वरावलीत, दोन्ही गिटारींचा आवाज पहिल्या मात्रेपासून फाटलेला, ड्रम अखंड. मला तो मसुदा आवडला नाही आणि मी तसे स्पष्ट सांगितले. अशा गोष्टी घडत नाहीत असे नव्हे. पण त्या पाचांपैकी कोणीही तो बंगला पाहिलेला नव्हता, त्यांनी सिनेमे पाहिले होते, आणि सिनेमाने सिनेमाबद्दल सांगितलेलेच ते परत सांगत होते. त्याहून मोठा दोष दुसऱ्या कडव्यात होता. ‘तुला हेच हवे होते ना’ असा त्या नायिकेला टोमणा तिथे मारलेला होता. मुलाच्या काकांचा प्रश्न आणि ही ओळ यांत मला फरक दिसेना.

या टप्प्यावर मी त्यांना एक जुने इंग्रजी गाणे ऐकवले. किंक्स या ब्रिटिश रॉक बँडचे, रे डेव्हिस यांनी लिहिलेले ‘सेल्युलॉइड हीरोज’ हे गाणे १९७२ सालचे. एकेरी तबकडी म्हणून ते निघाले तेव्हा इंग्लंडच्या किंवा अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्याला जागाही मिळाली नव्हती. मानाचे स्थान त्याला पुढे हळूहळू मिळत गेले. सहा मिनिटांहून मोठे हे गाणे नुसत्या पियानोवर सुरू होते आणि वाद्ये एकेक करून सावकाश येतात. त्यात गोष्ट अशी काहीच नाही. एक माणूस लॉस एंजलिसमधल्या हॉलीवूड बुलेव्हार्डवरून चालतो आहे आणि फुटपाथवर कोरलेली नटनट्यांची नावे वाचतो आहे, इतकेच. तो फुटपाथ खराच आहे; १९६० पासून तिथे गुलाबी दगडी फरशीत पितळेच्या कडांचे पाच टोकांचे तारे बसवले जात आहेत, आता त्यांची संख्या २,७०० च्या वर गेली आहे, आणि नवा तारा बसवायचा तर पुरस्कर्त्याला त्यासाठी भलेमोठे शुल्क भरावे लागते.

मी हे सांगत होतो तेवढ्यात ड्रमवाल्याने मला थांबवले. ‘‘सर, म्हणजे लोक नावावर पाय देऊन चालतात?’’ त्याच्या स्वरात खरा धक्का होता. वहीला पाय लागला तर वाकून नमस्कार करणाऱ्या घरातली ही मुले. त्यांना ही सन्मानाची रीत उमजेना. तेव्हा कीबोर्डवाल्याने, जो घरी वारकरी परंपरेत वाढलेला आहे, पंढरपूरच्या नामदेव पायरीची आठवण काढली. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, आणि आजही लोक त्या पायरीवर पाय न देता ती ओलांडून जातात. त्या दुपारी यावर जी चर्चा झाली, ती माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतली फार मोलाची मानतो. नामदेवांनी पाय मागितले आणि लोकांनी ते द्यायचे टाळले. नटाने डोक्यावर जागा मागितली आणि लोकांनी त्याला फुटपाथवर जागा दिली. यातला मान कोणता आणि अवमान कोणता, हे पाचांपैकी कोणालाच ठामपणे सांगता येईना, आणि मलाही आले नाही. पण डेव्हिस यांच्या गाण्याचा जीव इथेच आहे, हे सर्वांना पटले. तो चालणारा माणूस एकेका नावापाशी थबकतो आणि काहींपाशी पाय कुठे पडतो आहे याची काळजी घ्यायला सांगतो. ग्रेटा गार्बोपाशी एक तऱ्हा, मेरिलिन मन्रोपाशी दुसरी. कोणालाही तो दोष देत नाही.

त्या नावांची वये आम्ही फळ्यावर लिहिली. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ मध्ये ३१ व्या वर्षी गेला. मन्रो १९६२ मध्ये ३६ व्या वर्षी. गार्बोचा शेवटचा चित्रपट १९४१ मध्ये आला तेव्हा तीही ३६ वर्षांची होती आणि त्यानंतर जवळपास अर्धशतक ती पडद्यापासून दूर राहून जगली. मग मी त्यांना शिरपूरची आठवण करून दिली, कारण स्मिता पाटील यांचे घराणे तिथले, वडील शिवाजीराव पाटील तिथले, आणि स्मिताबाई १३ डिसेंबर १९८६ रोजी गेल्या तेव्हा त्याही ३१ वर्षांच्या होत्या. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर आधारलेल्या ‘भूमिका’ या १९७७ च्या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. म्हणजे एका नटीने मोजलेली किंमत पडद्यावर उभी करणारी दुसरी नटी आमच्याच मातीतली निघाली. यातून कोणताही सिद्धांत काढण्याची घाई मी मुलांना करू दिली नाही. फळ्यावर फक्त वये राहू दिली.

गायिका त्या दिवशी काहीच बोलली नव्हती. दोन दिवसांनी ती तालमीला लवकर आली आणि म्हणाली, ‘‘सर, नावावर पायाचं तुम्ही बोललात ना. माझ्या तोंडावर मका वाळत होता.’’

चैत्रात तिच्या गावची जत्रा भरली होती आणि त्या वर्षी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला ती पाहुणी म्हणून येणार होती. आयोजकांनी गावात शिरण्याच्या कमानीवर तिचा फ्लेक्स लावला. बारा फूट रुंद, मधोमध तिचा चेहरा, कपाळावर टिकली मुठीएवढी, कडेने पुढाऱ्यांचे लहान लहान फोटो. जत्रा उठल्यावर तिचे आबा, म्हणजे वडील, शिडी घेऊन गेले आणि तो फ्लेक्स स्वतः सोडवून, धूळ झटकून, घडी घालून घरी घेऊन आले. लेकीचा एवढा मोठा फोटो उकिरड्यावर जाऊ नये, हा त्यामागचा भाव. पण शेतकऱ्याच्या घरात बारा फुटांचा कापड नुसता ठेवला जात नाही. वैशाखात रब्बीचा मका निघाला, खळ्यात पसरायला ताडपत्री अपुरी पडली, आणि आबांनी फ्लेक्स अंथरला. छापलेली बाजू वर, कारण ती गुळगुळीत असते, दाणे फावड्याने ओढताना अडकत नाहीत.

ती दुपारी भाकरी घेऊन खळ्यात गेली तेव्हा मका अर्धा गोळा झाला होता. एक डोळा उघडा होता. दुसऱ्या डोळ्यावर आणि गालावर दाण्यांचा थर होता. मजुरीला आलेल्या दोघी बाया अनवाणी त्यावरून चालत पायाने दाणे उलटत होत्या, आणि त्यातली एक तिची सख्खी मावशी होती. मावशीने तिला पाहिले, खाली पाहिले, आणि पाऊल उचलून बाजूला घेतले. आबा म्हणाले, ‘‘ते प्लास्टिक शे बेटा, तू नहीं.’’ यात कोणीही तिचा अपमान केला नव्हता, हे तिला त्या क्षणीही कळत होते. तरी भाकरीचे गाठोडे खाली ठेवायला जागा शोधताना आपला पायही आपल्याच हनुवटीवर पडला, हे तिने आम्हांला सांगितले आणि मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

मुंबईचा बंगला त्या दिवशी गाण्यातून गेला. नव्या गाण्याची पहिली दोन वाक्ये तिने स्वतः लिहिली :

दहा दिवस कमानीवर वाऱ्यावर मी डोलले,
अकराव्या दिवशी आबांनी मला घडी घालून आणले.

कडवी प्रमाण मराठीत आणि धृपद अहिराणीत असे ठरले, कारण आबांचे आणि मावशीचे बोलणे मराठीत आणले की त्यातला ओलावा जात होता. धृपद एकाच ओळीचे आहे, ‘मकाखाले मन्हं तोंड शे’, आणि ते दर वेळी वेगळ्या वजनाने म्हटले जाते. पहिल्यांदा माहिती दिल्यासारखे, दुसऱ्यांदा विचारल्यासारखे, शेवटी हाक मारल्यासारखे.

चालीवर मात्र बराच वाद झाला. गिटारवाल्यांना दुःखाचे गाणे म्हणून मायनरच हवे होते. ड्रमवाल्याने सुचवले ते मला अगदी योग्य वाटले : त्याच्या मामाचा बँड मुलीची पाठवणी करतानाही जी सुरावट वाजवतो ती ऐकायला आनंदाचीच असते, रडणारे तिच्यावर रडतात. म्हणून चाल मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरावलीत घेतली. सुरुवात एका गिटारच्या चार स्वरमेळांवर, आवाज स्वच्छ. दुसऱ्या कडव्यात कीबोर्ड. ड्रम तिसऱ्या कडव्यापर्यंत गप्प, आणि तिथेही आधी लग्नातल्या केरव्याची आठवण देणारा ठेका, मग तोच ठेका हळूहळू मोडून रॉकचा ठेका, ज्यात चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर पडतो. गिटारींचा फाटलेला आवाज फक्त शेवटच्या धृपदाला ठेवला. अशा तऱ्हेने वरातीचे गाणे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत रॉक गाणे बनते. ज्या वाजण्याने तिला प्रसिद्ध केले तेच वाजणे आतून बदलत जाते. आधी म्हटल्याप्रमाणे ड्रमवाल्याला हळू वाजवणे जमत नव्हते. काड्यांऐवजी त्याला बोटांनी वाजवायला लावले, आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तो तिसऱ्या कडव्याआधी इतका शांत बसायला शिकला की त्याचे बसणेही ऐकू यावे.

एका गोष्टीकडे मी उशिरा लक्ष दिले, याची खंत आहे. त्या स्टॅम्प पेपरवर काय लिहिले होते हे नोव्हेंबरपर्यंत मी तिला विचारलेच नव्हते. झेरॉक्स पाहिली तेव्हा त्यात सर्व हक्क कायमचे निर्मात्याकडे, एवढे एकच वाक्य होते. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, हे आमच्याकडे गाणारी-नाचणारी मुले क्वचितच जाणतात. त्या कायद्याप्रमाणे पडद्यावर सादरीकरण करणाऱ्यालाही स्वतःचा हक्क असतो आणि तो सादरीकरणाच्या पुढच्या वर्षारंभापासून ५० वर्षे टिकतो. लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, निर्मात्याने त्या चित्रणाचा उपयोग करण्यास हरकत घेता येत नाही. परंतु त्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाल्यास कलाकार मानधनाच्या वाट्याला पात्र राहतो, असे कलम ३८-अ सांगते. कलम ३८-ब त्याहून जवळचे आहे. आपल्या सादरीकरणाला आपले नाव लागावे आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हे मागण्याचा हक्क त्यात आहे. तिचे नाव त्या व्हिडिओच्या माहितीत कुठेच नव्हते. गावाने तिचे नाव विसरून गाण्यातला शब्द धरला, त्याची सुरुवात इथे झाली होती. आम्ही निर्मात्याला रीतसर पत्र लिहिले, आणि पैशांविषयी अजून काही झाले नसले तरी तिचे नाव आता तिथे लागले आहे. ते प्रथम वाचून दाखवले तिच्या भावाने, मोठ्याने, घरातल्या सर्वांना.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गटात शेवटचा प्रश्न उभा राहिला : या गाण्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायचा की नाही. गिटारवाल्यांची इच्छा समजण्यासारखी होती. गाणे चांगले झाले होते, आणि चांगले झालेले लोकांपर्यंत जावे असे कोणाला वाटणार नाही? प्रसिद्धीची ओढ ही लाज वाटण्याची गोष्ट आहे असे मी मानत नाही, आणि तसे मानणारे गाणे आम्ही ऑगस्टमध्येच बाजूला सारले होते. पण चेहरा तिचा होता, म्हणून निर्णय तिच्यावर सोपवला. तिने सांगितले की आवाज जाऊ द्या, चेहरा नको. आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पाचही जणांची नावे खाली हवीत. तेवढे एका कागदावर लिहून पाचांनी सह्या केल्या.

जानेवारीत गाणे झाले. पहिल्या दोन कडव्यांना मागून कोणीतरी तिच्या जुन्या गाण्याचा तो शब्द ओरडला, दोनदा. तिने गाणे थांबवले नाही, आवाजही चढवला नाही. तिसऱ्या कडव्याला केरव्याचा ठेका आला तेव्हा सवयीने काही पोरे नाचायला उठली, आणि ठेका मोडत गेला तशी ती पोरे नुसती उभीच राहिली. शेवटचे धृपद संपल्यावर टाळ्या यायला थोडा वेळ लागला. आबा आणि मावशी तिसऱ्या रांगेत होते. आबांनी तिला घरी जाताना एवढेच विचारले की गाण्यात त्यांना शिडीवर का नाही दाखवले, कमानीवरून तो फ्लेक्स सोडवायला फार वेळ लागला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मका निघाला तेव्हा आबांनी फ्लेक्स उलटा अंथरला, पांढरी बाजू वर. ती खळ्यात गेली, कोपऱ्यावरचे दगड काढले, मावशीला दुसरे टोक धरायला लावून तो पुन्हा सुलटा केला, आणि दोघींनी मिळून त्यावर मका पसरला.